दुसरी वही

बिल होते २५३ रुपये. गिऱ्हाईक पाचशेची नोट देते, काउंटरवरची मुलगी यंत्रात पाचशेचा आकडा टाकते आणि पडद्यावर २४७ उमटतात. तेवढ्यात गिऱ्हाइकाला पाकिटात तीन रुपये सुटे सापडतात. ते पुढे केले की आता अडीचशे परत द्यायचे, इतकी साधी गोष्ट. पण मुलीचा हात गल्ल्यावरच थबकतो. ती पडद्याकडे पाहते, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडते, कधी शेजारच्या काउंटरवर विचारते. मागे रांग वाढते आणि रांगेतला कोणी ज्येष्ठ नागरिक उसासा टाकून म्हणतो, ‘आमच्या वेळी चौथी शिकलेला वाण्याचा पोऱ्या हे तोंडी करायचा.’ ठाण्याचा गोखले रोड, कल्याणचा शिवाजी चौक, डोंबिवलीचा फडके रोड, कुठेही हा उद्गार कानावर पडावा. त्यामागे एक इतिहास गृहीत धरलेला आहे: पूर्वी सगळ्यांना हिशेब येत होता, मग शाळा बिघडल्या, यंत्रे आली आणि डोकी गंजली. हा इतिहास तपासून पाहायला हवा. तोंडी हिशेब ही कुठल्या पिढीच्या बुद्धीची देणगी नव्हती. अवघड नाणी आणि अवघड मापे यांनी घडवलेले ते धंद्याचे हत्यार होते आणि ते मोजक्या हातांत होते. ते बोथट झाले याचे दुःख करण्याआधी त्याने कोणाचे काय कापले हेही पाहायला हवे. या शोधात जपण्याजोगे जे हाती लागते ते पाढ्यांपेक्षा वेगळेच आहे.

आधी ती अवघड नाणी. मुंबईत कंपनी सरकार दीर्घकाळ एका रुपयाचे चार पाव आणि चारशे रेस असा हिशेब ठेवी. रेस हा पोर्तुगीजांचा वारसा. शेजारच्या साष्टीत, ठाण्यात १७३९ पर्यंत पोर्तुगीज, मग मराठे आणि १७७४ अखेर इंग्रज, अशी सत्ता पालटत गेली. मराठी मुलखात निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये चालत आणि एका रुपयाचा दुसरा करताना बट्टा द्यावा लागे. रुपया खरा की खोटा, वजनात पुरा की घासलेला, हे ठरवणे सराफाचे काम. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी एकच रुपया ठरला, एक तोळा म्हणजे १८० ग्रेन वजनाचा. तरी त्या रुपयाच्या पोटात सोळा आणे, आण्यात चार पैसे आणि आण्यात बारा पैही, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. मापांचेही तसेच. मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक, त्याखेरीज पावशेर, अदपाव, नवटाक. धान्य मापून घ्यायचे तर निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर आणि चार शेरांची पायली. त्यातही एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराला जुळेलच असे नाही. खाली दुपटी-चौपटीची मापे, वर चाळीस शेरांचा मण आणि मोजणारी भाषा मात्र दहाच्या पटीची. या तिन्हींचा सांधा जुळवणे हेच दुकानदाराचे कसब होते.

हा सांधा जुळवण्यासाठीच मराठीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे रुजले. आज ते आजोबांच्या पाठांतराचा पराक्रम म्हणून सांगितले जातात, पण प्रत्येक पाढ्याला बाजारात नेमके काम होते. अडीचकीच घ्या. अडीचला एवढा मान कशासाठी? मणाचे शेर चाळीस, रुपयाचे आणे सोळा आणि चाळीस भागिले सोळा म्हणजे अडीच. म्हणून मणाचा भाव जितके रुपये, तितक्या आण्यांना अडीच शेर, अशी किल्ली तयार होते. तांदूळ साडेबारा रुपये मण असेल तर अडीच शेरांचे साडेबारा आणे, पाच शेरांचे पंचवीस आणे, म्हणजे एक रुपया नऊ आणे. कागद नको, भागाकार नको. तसेच शेराचे छटाक सोळा आणि रुपयाचे आणेही सोळा, म्हणून शेराचा भाव जितके रुपये तितके आणे छटाकाला. बाहेरच्याला जादू वाटेल अशी ही चपळाई खरे तर आधीच बांधून ठेवलेल्या पायवाटांवरून चालणे होते. गणितातली सर्वसाधारण हुशारी आणि ही चपळाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मणाच्या भावात पटाईत असलेल्या माणसाला अनोळखी मापे दिली असती, तर त्यालाही थांबून विचार करावा लागला असता.

या पायवाटा पाडून देणारी संस्था म्हणजे गावठी शाळा. कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात पंतोजी बसे, मुले धूळपाटीवर अक्षरे आणि अंक गिरवीत आणि उरलेला वेळ उजळणीचा. संध्याकाळी घरी पुन्हा परवचा. ज्या मुलांना पुढे कारकुनी करायची, दुकान चालवायचे किंवा कुळकर्ण सांभाळायचे, त्यांना लागणारे मोडी आणि हिशेब एवढे ही शाळा पक्के करून देई. तिला सर्वांसाठी शिक्षण म्हणणे तिच्यावरच अन्याय करण्यासारखे आहे. तिने तसा दावा कधी केला नव्हता. मुली तिथे जवळपास नसतच, अस्पृश्य मानलेल्या जातींना दार बंद आणि शेतमजुराच्या पोराला सवड नाही. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्या, १९५१ च्या जनगणनेतही देशातील साक्षरता सुमारे १८ टक्केच होती. म्हणून ‘चौथी शिकलेला पोऱ्या तोंडी हिशेब करायचा’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. चौथीपर्यंत पोचलेलेच तेव्हा थोडे, त्यांतून दुकानावर टिकलेले आणखी थोडे आणि आपल्या आठवणीत राहिलेले तर त्यांच्यातले सर्वांत तरबेज. अशा निवडक माणसांशी आज आपण कोणाची तुलना करतो? शहाड, दिवा, मुंब्रा, टिटवाळा अशा ठिकाणांहून लोकलने येणाऱ्या, अनेकदा घरात पहिल्यांदाच बारावी पाहिलेल्या आणि पगारावर काउंटर सांभाळणाऱ्या मुलामुलींची. कालचे निवडक आणि आजचे सर्व यांची ही तुलना आहे.

त्या पाढ्यांचा दुसरा उपयोग तर अधिकच बोलका आहे. सवायकी आणि दिडकी केवळ तांदळाच्या भावासाठी पाठ केली जात नव्हती. पेरणीच्या तोंडाला धान्य उसने द्यायचे आणि सुगीला सव्वापट किंवा दीडपट वसूल करायचे, यालाच सवाई-दिढी म्हणत. खावटीसाठी घेतलेले धान्य याच हिशेबाने वाढत जाई. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आणि इतर आदिवासी कुळांची बाकी अशीच पिढ्यान्‌पिढ्या फुगली आणि त्या बाकीपोटी माणसे वेठीला आणि लग्नाच्या कर्जापोटी लग्नगडी म्हणून जमीनदाराच्या घरी राबली. बाकी किती आणि ती का, हे सांगणारी वही एकच आणि ती सावकाराच्या घरात. १९४५ च्या जानेवारीत कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, त्याला उंबरगाव तालुक्यातले वारली आले आणि त्याच वर्षी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव झाला. त्याआधी सत्तर वर्षे, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळायला सुरुवात केली होती. जाळायला घरेदारे असताना रोख कागदांवर होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या हिशेबाची खातरजमा करता येत नाही, तो हिशेब माणसाला बेडीसारखा वाटतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचा आराखडा मांडला, तेव्हा त्यात मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाला लागून हिशेबाचे ज्ञान मागितले, ते याच जाणिवेने. त्यांच्या लेखी हिशेब म्हणजे कुणब्याच्या हातातली ढाल होती.

यावर असे म्हणता येईल की सावकाराची लबाडी हा हिशेबाचा दोष नव्हे. ते खरेच आहे, आणि याच भूमीत उघड्यावरच्या हिशेबाचीही जुनी परंपरा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षूंसाठी ठेवलेल्या तीन हजार कार्षापणांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने गुंतवल्याची त्यात नोंद आहे. पाऊण या शब्दाचे प्राकृत रूप आणि व्याजाचा पाऊण दर दोन्ही त्या दगडात कोरलेले आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला, असेही तो लेख सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. त्यांच्या जगात व्यवहार असा चारचौघांत वाचून दाखवण्याची रीत माहीत होती. पाऊणाचा हिशेब तोच, पण निगमसभेत तो दहा जणांसमोर झाला आणि सावकाराच्या ओटीवर एकट्याने. फरक गणितात पडला नाही, पडताळ्यात पडला.

मग आली दशमान पद्धत. १९५५ च्या दुरुस्ती कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्दही गळाला. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, मीटर आणि लिटर लागू झाले. संक्रमणाचा काळ किचकट होता. चार आण्यांचे बरोबर पंचवीस नवे पैसे, पण एका आण्याचे सव्वासहा. म्हणून आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस असे कोष्टक काढावे लागले. आण्याची वस्तू चार वेळा वेगवेगळी घेतली तर चोवीस पैसे आणि एकदम चार घेतल्या तर पंचवीस, अशी गंमतही त्यातून होई. पण एकदा ते वळण पार पडल्यावर पिढीजात किल्ल्यांची कुलपेच नाहीशी झाली. किलोचा भाव जितके रुपये तितके पैसे दहा ग्रॅमला, एवढे एक सूत्र पुरेसे झाले आणि ते शिकायला पंतोजीची छडी लागत नव्हती. चवली-पावली व्यवहारातून गेली आणि सोळा आणे फक्त म्हणीत उरले. गणित सोपे झाले म्हणून माणसे आळशी झाली, अशी खंत तेव्हापासून ऐकू येते. पण सोपे करण्यामागचा हेतूच मुळी सर्वांना मोजता यावे हा होता. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड जपणाऱ्या ब्रिटननेही शेवटी १५ फेब्रुवारी १९७१ रोजी हीच वाट धरली. अवघड पद्धतीत तयार झालेल्या कौशल्यासाठी ती पद्धतच टिकवावी म्हणणे, म्हणजे पोहणारे तयार व्हावेत म्हणून पूल पाडावेत असे म्हणणे आहे.

ठाणे-कल्याणच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत रेल्वे आली आणि पुढच्या शतकभरात ही गावे मुंबईत नोकरी करणाऱ्यांची झाली. डोंबिवली तर चाकरमान्यांचीच. पगार महिन्याला, म्हणून वाण्याचे बिलही महिन्याला. साखर, डाळ, गोडेतेल घरी येई, दुकानाच्या वहीत मांडले जाई आणि पहिल्या आठवड्यात चुकते होई. म्हणजे ज्या काळातल्या तोंडी हिशेबाचे गोडवे गायले जातात, त्या काळी निदान मध्यमवर्गाच्या किराण्यात सुट्या पैशांचा प्रश्न रोज येतच नव्हता. पण त्या व्यवस्थेत एक मोलाची गोष्ट होती. दुकानदाराची वही होती तशीच घरातल्या बाईचीही एक छोटी वही असे, खिळ्याला दोरीने अडकवलेली. तारीख, जिन्नस, वजन. महिनाअखेर दोन्ही वह्या समोरासमोर येत, कुठे पाव किलो जास्त लागलेले निघे, कुठे घरचेच लिहायचे राहिलेले, आणि आकडा जुळला की पैसे दिले जात. या बाईला पावकी-औटकी येत नसे, तिचे शिक्षणही बहुधा थोडे. तरी हिशेबात तिचा शब्द चाले, कारण तिच्याकडे दुसरी वही होती. वारल्यांकडे जे नव्हते ते नेमके हेच.

काउंटरवरचे यंत्रही या प्रकाशात पाहायला हवे. गल्ल्याचे यंत्र प्रथम बनवले ते अमेरिकेतल्या डेटन शहरी दारूचा गुत्ता चालवणाऱ्या जेम्स रिटी याने, १८७९ साली. नोकर पैसे खिशात घालतात, ही त्याची अडचण होती. बेरीज करून द्यावी यापेक्षा विक्रीची प्रत्येक रक्कम मालकाला दिसावी, हा त्या यंत्राचा मूळ हेतू. जुन्या पेठेत मालक किंवा त्याचा मुलगा स्वतः गल्ल्यावर बसे. चूक झाली तर तोटा त्याचा, म्हणून हिशेब डोक्यात आणि अधिकारही हातात. आजच्या मॉलमधल्या कॅशिअरला किंमत ठरवायची नाही, सूट द्यायची नाही, नोंद दुरुस्त करायची तर वरच्याला बोलवायचे आणि रात्री कॅश जुळली नाही तर जबाब द्यायचा. अशा माणसाने पडद्यावरच्या आकड्याबाहेर पाऊल टाकू नये, अशीच त्या कामाची रचना आहे. तीन रुपये पुढे आल्यावर तो थबकतो त्यात वजाबाकीपेक्षा ही सावधगिरी बरीच असते. ज्याला डोके न वापरण्याचा पगार मिळतो, त्याला डोके नाही म्हणणे बरोबर नाही.

तरीही आक्षेप उरतो: सावधगिरी मान्य, पण अनेकांना वजाबाकी खरोखरच येत नाही. हेही मान्य करायला हवे. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. प्रश्न आहे तो का, हा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळे विकणाऱ्या मुलांचा १९८५ साली अभ्यास झाला, तेव्हा हीच मुले विक्री करताना अचूक हिशेब करीत आणि तेच उदाहरण कागदावर दिले की चुकत, असे दिसले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही बाजारातली मुले पुस्तकी गणितात अडली आणि शाळेतली मुले बाजाराच्या हिशेबात. याचा अर्थ शाळा शिकवते ती वजाबाकी आणि सुटे पैसे परत देणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. शाळा एककापासून सुरू करते, हातचा घ्यायला सांगते. भाजीवाली तसे करीत नाही. २५३ चे ५०० करायचे तर ती वर मोजत जाते: दोन दिले, २५५, पाच दिले, २६०, चाळीस दिले, ३००, आणि दोनशे. परत द्यायची रक्कम हातात आपोआप जमते आणि गिऱ्हाईकही ते मोजणे ऐकत असते, म्हणजे पडताळा तिथल्या तिथे होतो. ही बेरीज आहे, ती कोणालाही काही दिवसांत शिकवता येते आणि तीच शाळेत फारशी शिकवली जात नाही.

मराठी संख्यानामांचा वादही याच घरचा. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसोबत ‘साठ तीन’ असे वाचन आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली. आपल्या शब्दांत एकक आधी बोलला जातो आणि अंकांत दशक आधी लिहिला जातो, शिवाय प्रत्येक संख्येचे नाव वेगळे, हे ओझे खरे आहे. जुने शब्द जावेत असे कोणी म्हणणार नाही. ते भाषेचे वैभव आहे. पण पायरी म्हणून सोपे वाचन देणे म्हणजे परंपरा बुडवणे नव्हे. पाढ्यांनाही हेच लागू आहे. दहापर्यंतचे, जमल्यास वीसपर्यंतचे पाढे पाठ हवेतच, कारण अंदाज त्यांच्यावर उभा राहतो. औटकी मात्र ज्या मापांसाठी होती ती मापे उरली नाहीत. तिला संग्रहात मानाने जागा द्यावी.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार: यंत्र चुकत नाही, २०१६ पासून यूपीआयही आले, आता सुट्यांची गरजच काय? यंत्र बेरीज चुकत नाही हे खरे, पण त्याला दिलेली किंमत चुकते. फळीवर लावलेला भाव आणि स्कॅन झालेला भाव वेगळे निघतात, एक वस्तू दोनदा लागते, ‘दोनवर एक मोफत’मधली सूट बिलात उतरतच नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे सवाई-दिढी संपलेली नाही, तिचे रूप बदलले आहे. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारे कर्ज, आधीच कापून घेतलेले शुल्क, हप्त्यांवरचा ‘बिनव्याजी’ फोन. या सगळ्यांत मुद्दल किती आणि परत किती द्यायचे हे विचारणारा माणूस उरला नाही, तर १९४५ चा तो एकाच वहीचा कारभार पुन्हा येईल, फक्त वही पडद्यावर असेल. म्हणून काउंटरवरच्या मुलीला हिणवण्यापेक्षा तिला आणि आपल्याला एकच सवय लागली पाहिजे: आकडा उमटण्याआधी मनात अंदाज आणि उमटल्यानंतर वर मोजून पडताळा. ती सवय शाळा लावू शकते, दुकानमालक नव्या नोकराला एका दुपारी शिकवू शकतो आणि घरात बिलाचा कागद मुलांसमोर ठेवून आईवडील लावू शकतात. खिळ्याला अडकवलेली ती छोटी वही ज्या घरात होती तिथे गणिताचा पंडित कोणीच नव्हता. वाण्याने सांगितलेला आकडा तरीही तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणी मान्य करीत नसे.